भोरड्यांसाठी शाळू

सून लग्न होऊन आली त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधी तिनं घर झाडायला काढलं. खुंटीवरची गोफण हातात धरून तिनं मला विचारलं, "आत्या, ह्ये तुटकं शिंकं टाकून दिऊ का?"

मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

तिनं परत खुंटीला अडकवलं. तिचं माहेर कोरेगावकडचं, बारमाही पाण्याचं. घरी ऊस, आलं, घेवडा. पाखरं राखायला रानात माणूस बसवावं लागतं हे तिच्या गावीही नव्हतं. मीही समजावून सांगत बसले नाही. जे काम उरलंच नाही त्याचं हत्यार ओळखून करायचं काय.

मी ते काम लहानपणापासून केलं. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, तासगावच्या बाजूला. चौथी झाली आणि आईनं पाटी काढून घेऊन हातात गोफण दिली. त्याचं मला फार वाईट वाटलं असं काही नाही. शाळेत बसून राहावं लागायचं, रानात माळ्यावर उभं राहायला मिळायचं. माळा म्हणजे पिकाच्या मधोमध चार खांबांवर बांधलेला उंच मांडव. त्यावर चढलं की सगळं शाळूचं रान पायाखाली दिसायचं. थंडीतल्या ज्वारीला आम्ही शाळू म्हणतो. मोठी माणसंही खालून मान वर करून माझ्याशी बोलायची. लहान पोरीला एवढा मान दुसरीकडं कुठं मिळाला नसता.

गोफण म्हणजे अंबाडीच्या दोन दोऱ्या आणि मध्ये दगड ठेवायला विणलेली खोळ. एका दोरीचा फास बोटात घालायचा, दुसरी चिमटीत धरायची, डोक्याभोवती फिरवायची आणि चिमटी सोडायची. दगड जातो, पण दोरीच्या टोकाचा जो फटकारा वाजतो त्यालाच पाखरू जास्त भितं. दगड पाखराला लागावा म्हणून कुणी मारत नसे. कधी लागायचाही. तेव्हा रडत बसले नाही. उचलून बांधावर ठेवायचं आणि पुढचा दगड घ्यायचा.

शाळू चिकात आला, म्हणजे कोवळा दाणा दाबला की पांढरं दूध यायला लागलं, की पाखरं यायची. चिमण्या, राघू यांचं कुणी एवढं मनावर घेत नसे. भीती भोरड्यांची. भोरडी साळुंकीएवढी असते. अंग फिकट गुलाबी, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं. डोकं, पंख, शेपूट काळी. एकटीदुकटी ती येतच नाही. उन्हं वर आली की लांब ओढ्याच्या अंगाला धूर निघाल्यासारखं दिसायचं. तो धूर लांब व्हायचा, गोळा व्हायचा, आणि धनगरानं घोंगडं झटकावं तसा एकदम फाकायचा. जवळ आला की सुपात धान्य पाखडावं तसा पंखांचा आवाज. आणि रानात उतरला की आठवड्याचा बाजार भरल्यासारखा कलकलाट. तेवढ्या वेळात कुणी पान लावून खाल्लं, तर पान संपायच्या आत एका कोपऱ्यातली कणसं रिकामी.

कणसं चिकात यायच्या आधीही भोरड्या यायच्या. तेव्हा त्या जमिनीवर चालत नाकतोडे खायच्या. सगळ्या एका रांगेत पुढं सरकायच्या, मागच्या उडून पुढं बसायच्या. बायका तण काढायला, भांगलायला निघाल्यासारख्या. तेव्हा त्यांना कुणी हाकलत नव्हतं. उलट आई म्हणायची, खाऊ द्या, कीड जाईल. महिन्याभरानं त्याच पाखराला त्याच आईच्या तोंडून शिव्या. पाखरानं काय समजायचं?

लग्न होऊन मी माण तालुक्यात आले. तिकडं तर शाळूशिवाय काही नव्हतंच. पाऊस झाला तर शाळू, नाही झाला तर मेंढ्या. गावातले निम्मे बाप्ये मुंबईला. माझे मालक तिकडंच, थोरले दीरही तिकडंच. रान आम्ही दोघी जावा बघायचो. थोरल्या जाऊबाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, हाडापेरानं दणकट. त्यांचा आवाज जाड. माळ्यावरून त्या एकच "हाऽऽऽऽ" लांब ओढायच्या आणि तो ओढ्यापलीकडं जायचा. माझा आवाज बारीक आणि तुटक, "हा हा हा हुर्र्या." कुठल्या रानातून कोण ओरडतंय हे सगळ्या शिवाराला आवाजावरून कळायचं.

मग भावाभावांत वाटणी झाली. रानाच्या मधोमध बांध पडला. अलीकडं मी, पलीकडं जाऊबाई. दोन माळे झाले. बांध माणसांना कळला, भोरड्यांना काही कळला नाही. मी हाकलल्या की त्या उठून पलीकडं बसायच्या आणि पलीकडून हाकलल्या की माझ्याकडं.

"माझ्याकडं घालवतीस का गं, भवाने?" जाऊबाई माळ्यावरून विचारायच्या.

"आवं आक्का, मी काय त्यास्नी वाट दावली व्हय?"

"दावलीसच. उगवतीला हाक."

"उगवतीला पाटलाचं रान हाय."

"हाय तर हाय. त्येच्याकडं काय कमी हाय?"

एका थंडीत कडब्याच्या गंजीवरून आमचं भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं. सगळा हंगाम आम्ही एकमेकींशी बोललो नाही. वाटेत भेटलो तर त्या एका अंगानं, मी एका अंगानं. पण रानात ओरडणं काही बंद करता येत नव्हतं. पलीकडून "हाऽऽऽऽ" आलं की मला कळायचं, थवा उठला, आता इकडं येणार. मी ओरडले की त्यांना कळायचं. बोलणं बंद, ओरडणं चालू, असं चाललं होतं.

एके सकाळी पलीकडून आवाजच आला नाही. थवा त्यांच्या रानात उतरलेला दिसत होता, सुखानं खात होता. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग बरं वाटेना. बांध ओलांडून गेले तर जाऊबाई माळ्याखाली घोंगडं घेऊन तापानं फणफणत पडलेल्या. मी त्यांच्या माळ्यावर चढले आणि दिवसभर दोन्ही रानं तिथूनच राखली. दिवस मावळायला त्यांना धरून घरी आणलं, तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या.

"माझ्या माळ्यावरनं तुजा आवाज चांगला न्हाई लागत. पाव्हण्यावानी लागतो."

एवढंच. पण तिथून बोलणं सुरू झालं ते आजपर्यंत.

पुढं आमच्याकडं पाणी आलं. येणार येणार म्हणून ऐकत म्हातारी झाले, पण आलं एकदाचं. पार लांबून पाइपातून उचलून आणलं आणि पाटातून सोडलं. पाण्याला मी नावं ठेवणार नाही. जिनं उन्हाळ्यात टँकरमागं हंडा घेऊन धाव घेतली त्या बाईनं पाण्याला नावं ठेवू नयेत. माझा पोरगा मुंबई सोडून घरी आला तो पाण्यामुळं. सून दोन वेळा भात खायला घालते तो पाण्यामुळं. पण पाण्यामागं ऊस आला, डाळिंब आलं. शाळू पेरायचं हळूहळू सगळ्यांनी सोडलं. ओढ्याकाठच्या बाभळी गेल्या. माळावर नुसतं गवत होतं, तो यंत्रानं सपाट करून त्यावर बागा केल्या. भोरड्या कुठल्या वर्षी यायच्या थांबल्या, ते मला सांगता येणार नाही. त्या आल्या की आवाज व्हायचा. आल्या नाहीत याचा आवाज होत नाही. कामाच्या नादात दोन-चार थंड्या गेल्या आणि एक दिवस मी अंगणात शेंगा फोडत बसले होते, तेव्हा ध्यानात आलं की आभाळ नुसतं आहे.

गावच्या शाळेतल्या बाई उन्हाळ्यात पोरांकडून पाखरांसाठी झाडाला पाण्याच्या करवंट्या टांगून घेतात. चांगलं करतात. पोरांना सवय लागते. एकदा त्या पोरं घेऊन आमच्या लिंबाखाली आल्या, तेव्हा मी म्हणाले, "बाई, हितल्या पाखरांस्नी पाणी हाय आता. पाट भरून व्हातोय. त्यास्नी दाणा पायजे, किडा पायजे, बसाय बाभळ पायजे, मोकळं रान पायजे."

बाई म्हणाल्या, "खरं आहे आजी. मग पोरांनी काय टांगू?"

रान काही टांगता येत नाही. एक करवंटी मीच बांधून दिली.

मध्ये एका बारशाला माहेरी गेले होते. तिथं आता सगळी द्राक्षं. बागांवर जाळ्या अंथरलेल्या. एका बागेतून ससाण्याचा आवाज येत होता. मी वर बघितलं, ससाणा नाही. परत आवाज. भाचा म्हणाला, "आत्ती, त्यो डबा हाय. बॅटरीवर चालतोय. पाखरं भित्यात." मी त्या डब्याजवळ जाऊन उभी राहिले. ससाणा कुठं राहिला नाही आणि त्याचं ओरडणं तेवढं डब्यात भरून ठेवलंय. जाळीत एक साळुंकी अडकून वाळली होती. ज्या रानात मी गोफण शिकले ते तेच रान.

थोरल्या जाऊबाई आता इथं नाहीत. त्यांचा मुलगा शिरवळला कंपनीत आहे, दीर गेल्यावर तो त्यांना घेऊन गेला. घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं त्या न्हाणीत पडल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून पलंगावरच असतात. डोळ्यांनी तर आधीपासूनच कमी दिसायचं. सुनेच्या फोनवर तोंड बघून बोलता येतं, पण त्यांना माझं तोंड दिसत नाही आणि मला त्यांचं बघवत नाही. म्हणून मी सुनेला सांगते, नुसता आवाज लाव.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी विचारलं, "औंदा शाळू कुणाचा हाय गं?"

"कुणाचा न्हाई."

"म्हंजी भोरड्या बी न्हाईत."

"कुठनं येतील? ऊस खात्यात व्हय त्या?"

जाऊबाई म्हणाल्या, "हितं खिडकीत कबुतरं हायती. दिसभर घुमत्यात. मेल्यांस्नी दुसरं काय येतच न्हाई." आणि थोड्या वेळानं, "एकदा मला भोरड्या ऐकव की. फोनवर येतोय की आवाज."

"न्हाईतच तर काय ऐकवू?"

"मग पेर शाळू. मरायच्या आदी पेर."

"कोण मराय लागलंय?"

"मी. तुला येळ हाय."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही. भांडून घेतलं, पण मागून नाही. त्यामुळं मला फोन ठेवल्यावर काही सुचेना. खरं सांगायचं तर ऐकायचं मलाही होतं. पण तसं मी कुणाला म्हणाले नव्हते, आणि त्या म्हणाल्या म्हणून माझी सोय झाली.

बांधाकडच्या तुकड्यातला ऊस निघाला होता. पोरगा तिथं नवी लागण करणार होता. मी म्हणाले, "चार सऱ्या मला सोड. शाळू टोकायचाय."

"भाकरीला?"

"पाखरास्नी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "आई, जलमभर तू त्यास्नी शिव्या दिल्यास."

"म्हणून तर वळखत्यात मला."

तो हसला नाही. उसाच्या मधोमध शाळूची पट्टी म्हणजे लोक हसणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात सून आतून म्हणाली, "म्हशीला कडबा हुईल की वो." त्यानं चार सऱ्या सोडल्या. सून शहाणी आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणाले नाही.

बी गावात मिळेना. शेवटी वरच्या वस्तीवरच्या एका धनगरणीनं मडक्यात राखेत घालून ठेवलेला जुना शाळू दिला. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर मी आणि सुनेनं वाकून वाकून एकेक दाणा टोकला. माझी कंबर पुढं बरेच दिवस मला ते आठवून देत होती.

शाळू चांगला आला. खाली उसाला दिलेल्या खताचा जोर होता. दिवाळीनंतर डोक्याच्या वर गेला, निसवला, कणसं धरली. जाऊबाईंचा रोज फोन.

"बियाची कणसं बांधून घेतलीस का?"

पाखरं यायच्या आधी टपोरी कणसं निवडून त्यांना चिंध्या गुंडाळायच्या असतात, म्हणजे पुढच्या साली पेरायला बी राहतं. ते मी विसरले होते.

"बांधते आज."

"तुज्या जुन्या चोळ्यांची बांध. माज्या आसत्या तर मोठाली कणसं झाकली आसती."

शिरवळला त्यांची सून बाजूला असणार. तिचा खुदकन हसलेला आवाज मला फोनमध्ये आला.

मी चिंध्या बांधल्या. दाणा चिकात आला. आधी चिमण्या आल्या, त्यांना मी काही म्हणाले नाही. मग राघू आले. राघूचं खाणं थोडं आणि नासाडी फार. कणीस तोडतो, दोन दाणे खातो आणि टाकून देतो. मी खुंटीवरची गोफण काढली. सून दारात उभी होती.

"आत्या, ते शिंकं कशाला?"

अंगणात उभं राहून मी एक खडा घालून गोफण फिरवली आणि चिमटी सोडली. फटकारा वाजला तसं गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सून म्हणाली, "आगं आई." मग तिनं हातात घेऊन बघितली आणि मला परत दिली.

रोज सकाळी मी पट्टीच्या कडेला बांधावर बसायचे आणि राघू हाकलायचे. भोरड्यांसाठी शाळू राखत होते. येणारे-जाणारे विचारायचे, "म्हातारे, उसाला कसली राखण?" मी म्हणायचे, "तुमच्या बापाची." परत कुणी विचारलं नाही. घसा आधी बसला, मग मोकळा झाला. गळ्यातून जुना आवाज निघाला तेव्हा मला माझंच नवल वाटलं.

आणि भोरड्यांचा पत्ता नाही. जाऊबाई विचारायच्या, "आल्या?" मी म्हणायचे, "न्हाई." मग फोनमध्ये त्यांच्याकडची कबुतरं घुमायची. दाणा हळूहळू घट्ट व्हायला लागला होता. अजून थोडे दिवस गेले असते तर तो वाळून कडक झाला असता आणि आमचा हंगाम हुकला असता.

मग एका संध्याकाळी पोरगा गाडीवरून आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "ओढ्याला खाली जी बाभळ राहिलीया, तिच्यावर काळी-गुलाबी पाखरं बसल्यात. त्याच का गं तुज्या?"

मी बघायला गेले नाही. गेले आणि उडाल्या तर? रात्री जेवण गेलं नाही एवढं खरं.

सकाळी मी आणि सून उन्हं यायच्या आत बांधावर जाऊन बसलो. सुनेनं फोन लावून माझ्या हातात दिला. "आत्या, हितं दाबू नका, बंद हुईल."

"आल्या?" जाऊबाईंनी विचारलं.

"गप बसा की. बोललासा तर न्हाई यायच्या."

"मी शिरवळात बोलतीया. त्यास्नी काय ऐकू जातंय?"

उन्हं उसाच्या तुऱ्यांवर आली. ओढ्याच्या अंगाला धूर दिसला. बारीक धूर, पण तोच. लांब झाला, गोळा झाला, वळला. थवा उसावरून आला, एकदा पट्टीवरून पुढं गेला, फिरला, आणि सुपातून ओतावा तसा शाळूवर उतरला. कणसं वाकली. कलकलाट झाला.

आणि मी ओरडले.

कशी उठले, मला माहीत नाही. फोन कधी पडला, माहीत नाही. गोफण खांद्यावर होतीच, ती हातात आली आणि गळ्यातून निघालं, "हा हा हा हुर्र्या." फटकारा वाजला. सगळा थवा एकदम उठला, बांधावरून पलीकडं गेला, जाऊबाईंच्या रानावरून, आणि उसामागं दिसेनासा झाला. कणसं नुसती हलत राहिली.

सून माझ्याकडं बघत होती. "आत्या, आवं ह्ये काय केलंसा?"

मी खाली बसले. वाकून टोकून, महिनाभर थंडीत बसून राखून ज्यांना बोलावलं त्यांना मीच हाकललं. तेवढ्यात गवतातून आवाज आला. जाड, लांब ओढलेला.

"हाऽऽऽऽ."

शिरवळच्या तिसऱ्या मजल्यावरून. पलंगावरून. मग काहीतरी भांडं पडल्याचा आवाज, आणि त्यांची सून धावत आल्यासारखी, "आई, काय झालं? आई?" आणि मग जाऊबाई, धापा टाकत:

"माझ्याकडं घालवलीस का गं, भवाने?"

माझ्या सुनेनं फोन उचलून माझ्या तोंडाशी धरला. मी म्हणाले, "व्हय. तुमच्याकडंच गेल्यात."

"हाकलल्या मी. उगवतीला."

त्या खोकल्या का हसल्या, ते फोनवर कळेना. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज खाली आला. "ऐकू न्हाई आल्या गं नीट. तू वरडलीस."

"वरडले."

"उद्या वरडू नगंस."

उद्या येतील का नाही, हे कुणाला माहीत. हाकललेला थवा परत येतो तो दुसरीकडं खायला नसलं तरच. दुसरीकडं तर काहीच नव्हतं. त्याचंच वाईट वाटायचं, आणि त्याच्यावरच आता माझी भिस्त.

दुसऱ्या दिवशी गोफण खुंटीला ठेवली. मिश्रीची चिमूट नेहमीपेक्षा मोठी घेतली आणि तोंड गच्च मिटून बांधावर बसले. तोंडात मिश्री असली की माणसाला ओरडता येत नाही. हात मांडीखाली घातले. फोन सुनेनं धरला. उन्हं आली, वर चढली. पलीकडच्या फडात ऊसतोडीची माणसं बोलत होती. फोनमधून जाऊबाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी मनात म्हणाले, झालं, भोरड्या गेल्या.

मग त्या आल्या. आज धूर दिसलाच नाही, एकदम डोक्यावरच आवाज झाला आणि शाळू काळा-गुलाबी झाला. माझ्या गळ्यात हाक वर आली. मी ती मिश्रीबरोबर गिळली. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही.

आयुष्यभर मी या पाखराची पाठच बघितली होती. खाताना इतक्या जवळून, इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. एक भोरडी कणसाला उलटी लोंबकळून खात होती. दुसरी तिला सारखी ढकलत होती, शेजारी भरलेलं कणीस असताना. एक चिंधी बांधलेल्या कणसावर बसून चिंधी ओढत होती आणि निघेना म्हणून जोरात ओरडत होती. डोक्यावरची शेंडी उभी राहायची. जावाजावांची भांडणं हुबेहूब. सूनही बघत राहिली. फोन वर धरून तिचा हात भरून आला असेल, पण तिनं तो खाली घेतला नाही.

बऱ्याच वेळानं फोनमधून हळू आवाज आला.

"एवढ्याच?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांना काही दिसत नव्हतं. पण जिनं सगळ्या शिवारावर उतरलेला थवा कानांनी ऐकलाय तिला काय फसवायचं. पूर्वी भोरड्या उतरल्या की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता आम्ही हळू बोललो तरी ऐकू येत होतं.

मिश्री सांभाळत मी म्हणाले, "एवढ्याच."

"खाऊ दे," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन बंद केला नाही. भोरड्यांचं खाणं होईपर्यंत आम्ही तिघी तशाच बसून राहिलो, त्या तिकडं, आम्ही इकडं. पट्टी ती केवढी. लवकरच संपली. थवा उठला आणि उगवतीला गेला.

सुनेनं कडबा कापून म्हशीला घातला. चिंध्या बांधलेली कणसं तेवढी राहिली होती. ती मी काढून चिंध्यांसकट खुंटीला टांगली, गोफणीशेजारी. आता उन्हाळा लागलाय. भोरड्या जिथून येतात तिकडं गेल्या असतील. पोरगा म्हणतो, त्या तुकड्यात ठिबक टाकायचंय. मी म्हणाले, टाक, बांधाकडच्या सऱ्या सोडून टाक.

जाऊबाई अजून आहेत. त्यांचा आवाज बारीक झालाय. परवा फोनवर म्हणाल्या, "औंदा बांधाच्या माज्या अंगाला बी टोक. म्हंजी तू हाकलल्यास तरी हितंच बसत्याल."

त्यांचं रान वाट्यानं दिलेलं आहे आणि त्यात दुसऱ्याचा ऊस उभा आहे. त्याला विचारायला पाहिजे. रोज सकाळी ठरवते, आज विचारीन.